न विकलेल्या टाइपरायटरचं कमिशन

टेम्पो आला तेव्हा विनयाबाई देवस्थळी सातवीच्या मराठीच्या घटक चाचणीतला चौथा प्रश्न टाइप करत होत्या. दारात दोन माणसं उभी होती. एकाच्या हातात छापील कागद, दुसऱ्याच्या खांद्यावर दोरीचं भेंडोळं.

"टाइपरायटर लेने आए हैं मॅडम. गुडगाँव से."

"कौनसा टाइपरायटर?"

त्या माणसानं विनयाबाईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. "यही वाला. साढे ग्यारह हजार हाथ में देने हैं आपके."

कागदावर विनयाबाईंच्याच टाइपरायटरचा फोटो होता. त्यांच्याच बाल्कनीत, त्यांच्याच विटक्या चादरीवर आडवा करून काढलेला. खाली त्यांचं पूर्ण नाव, द्वारकेचा पत्ता, सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर. वर ठळक अक्षरांत बोलोबेचो डॉट कॉम या लिलावाच्या वेबसाइटचं नाव आणि लिलाव जिंकल्याबद्दल एका रेस्टॉरंटचं अभिनंदन. गिऱ्हाइकांना जुना काळ आठवावा म्हणून ते रेस्टॉरंट दारात टाइपरायटर मांडून ठेवणार होतं.

मंत्रालयातल्या छत्तीस वर्षांनी विनयाबाईंना कागद दोनदा वाचायची सवय लावली होती. पहिल्यांदा काय लिहिलंय ते, दुसऱ्यांदा सही कुणाची आहे ते. इथं सही कुणाचीच नव्हती.

"इस पर किसी के दस्तखत नहीं हैं," कागद परत देत त्या म्हणाल्या. "जिसने बेचा है, उसी से ले लीजिए."

त्यांनी दार लावलं, खुर्चीत बसून चौथा प्रश्न पूर्ण केला, पाचव्याचे गुण उजवीकडं टाकले. मग मात्र उठून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहून आल्या.

विनयाबाई १९६९ साली साताऱ्याहून दिल्लीला आल्या त्या हिंदी टंकलेखनाची सरकारी परीक्षा पास होऊन. मंत्रालयाच्या राजभाषा विभागात त्यांना नेमणूक मिळाली. मराठी मुलगी दिवसभर हिंदी टाइप करते याचं तिथल्या हिंदीवाल्यांना कौतुक कमी आणि आश्चर्य जास्त वाटे. पुढं रेल्वे खात्यातल्या बळवंत देवस्थळींशी लग्न झालं आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. त्या जुन्या हिंदी यंत्रावर ळ नव्हताच. रजेचा अर्ज असो की पगाराचा तक्ता, बाई स्वतःच्याच बोटांनी 'विनया बलवंत देवस्थली' लिहीत आणि मग पेनानं दोन्हीकडं ळ काढत बसत.

बळवंतरावांनी एका शनिवारी करोल बागेतून टाइपरायटरचा मिस्त्री गाठला, स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि आठ आण्याच्या चिन्हाचा खिळा काढून तिथं ळ जोडून घेतला. जोड किंचित वर बसला, त्यामुळं ळ कायम ओळीच्या डोक्यावरून डोकावे. साऱ्या मंत्रालयात ळ असलेलं ते एकच हिंदी यंत्र. महिन्याभरात लेखी विचारणा आली की हे अक्षर कोणत्या आदेशान्वये बसवण्यात आलं. विनयाबाईंनी त्याच यंत्रावर उत्तर टाइप केलं की कर्मचाऱ्याचं नाव सेवापुस्तकात जसं आहे तसंच लिहिलं जावं, असा नियम आहे. पुन्हा कुणी विचारलं नाही.

२००१ साली कार्यालयात संगणक आले आणि सगळे टाइपरायटर मोडीत निघाले. सरकारात मोडीत काढायचं म्हणजे आधी समिती बसते, मग प्रत्येक वस्तूच्या बुडाला चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर 'निष्प्रयोज्य' असं छापलेलं होतं, म्हणजे हिचा आता काही उपयोग नाही. खाली तारीख आणि अवर सचिवांची सही. मग अंगणात लिलाव झाला. बळवंतराव जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. विनयाबाईंनी आधी परिपत्रक काढून कर्मचाऱ्याला बोली लावता येते याची खात्री केली आणि मग भंगारवाल्यांच्या घोळक्यात पदर खोचून उभ्या राहिल्या. तीनशेवर एक भंगारवाला अडून बसला होता. बाईंनी हात वर करून तीनशे दहा म्हटलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ले जाओ बहनजी, आपका कोई अपना लगता है." तो खरं बोलला होता. बळवंतरावांनी बायकोला साड्या घेतल्या, बांगड्या केल्या, पण तिला तिचं नाव परत मिळवून दिलं ते त्या यंत्रात.

चिठ्ठी मात्र बाईंनी काढली नाही. घरी आणल्यावर काढावी असं मनात आलं होतं, पण सरकारी सही असलेला कागद आपण कोणत्या अधिकारात फाडायचा, असा प्रश्न पडला. ही असली शंका द्वारकेच्या त्या सोसायटीत राहणाऱ्या निम्म्या लोकांना पडली असती, कारण निम्मे त्यांच्यासारखेच केंद्र सरकारातून निवृत्त झालेले होते. पाच वर्षं चिठ्ठी बुडाला तशीच राहिली आणि वर यंत्र खणखणीत चालत राहिलं. पहाडगंजातल्या मराठी शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिका केली की दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. म्हणून शाळेतल्या बाई हस्तलिखित पाठवत आणि विनयाबाई टाइप करून, झेरॉक्स काढून, नव्या मेट्रोनं स्वतः नेऊन देत.

आता हा टाइपरायटर विकायला कुणी काढला हे शोधायला विनयाबाईंना पोलीस लागणार नव्हते. त्यांच्या ओळखीत संगणकावर एवढा भरवसा असणारा एकच माणूस होता, त्यांचे धाकटे दीर जयंत.

जयंतराव बँकेत होते. एकतीस वर्षं नोकरी करून २००१ सालच्या त्या मोठ्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडले. स्वेच्छा नावापुरतीच, कारण व्यवस्थापकानं यादी आधीच समोर ठेवली होती. तेव्हापासून त्यांनी नव्या जमान्याशी दोस्ती करायचा चंग बांधला होता. विनयाबाईंच्या मुलीनं, स्वरूपानं, बंगलोरहून आईला संगणक पाठवला तो जयंतरावांनीच जोडला, ईमेल उघडून दिलं, पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि 'वहिनी, तुमचंही असलं पाहिजे' म्हणून बोलोबेचोवर वहिनींच्या नावानं खातं काढून ठेवलं. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत असल्यानं त्यांची ये-जा दिवसातून दोनदा तरी असे.

त्या संध्याकाळी ते आले तेव्हा बाईंनी टेम्पोवाल्यांची हकीकत सांगितली. जयंतराव आधी खूश झाले, मग गोंधळले.

"पण वहिनी, त्याच्यावर चिठ्ठी होती."

"कसली चिठ्ठी?"

"रंगकामाच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, चिठ्ठी दिसेल ते घरातून हलवा."

ते खरं होतं. जानेवारीत घराचं रंगकाम काढलं तेव्हा त्यांनी जुन्या सामानाची छाननी अगदी समिती बसवल्यासारखी केली होती. बंद इस्त्री, कूलरचा पंप, तुटका पाट, प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात 'निष्प्रयोज्य' लिहून चिठ्ठी डकवली होती. टाइपरायटर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून बाल्कनीत आडवा करून ठेवला होता आणि बुडाची जुनी चिठ्ठी वर आली होती.

"इस्त्री-बिस्त्री कबाडीला दिली," जयंतराव म्हणाले. "संगणक आलाय, तेव्हा हाही नको झाला असेल असं वाटलं. म्हटलं, असा फुकट कशाला घालवायचा. चांगले पैसे आले तर वहिनींच्या हातावर ठेवू. सरप्राइज देणार होतो मी."

"भावजी, विचारायचं होतं एकदा."

"हो. विचारायला हवं होतं," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईंना रागही आला आणि त्यांची दयाही आली. शिवाय स्वतःची चीडही आली, कारण चिठ्ठी आपणच ठेवली होती.

इथवर सगळं घरातल्या घरात मिटण्यासारखं होतं. पण चार दिवसांनी बिल आलं. लिलाव झाला, माल दिला नाही, त्यामुळं कंपनीचं कमिशन आणि व्यवहार मोडल्याचा दंड मिळून एक हजार तीनशे शहाऐंशी रुपये, विनया देवस्थळी यांनी तीस दिवसांत भरावेत. न भरल्यास प्रकरण वसुली करणाऱ्यांकडं जाईल.

"मी भरतो, वहिनी. चूक माझी आहे," जयंतराव म्हणाले.

"अजिबात नाही. पैसे भरले की मी हा विकायला काढला होता असं ठरतं. ऑफिसात वसुली मुकाट्यानं भरणारा माणूस आरोप कबूल करतो. मी काही कबूल करणार नाही."

ईमेलवर दाद मागितली तर मिनिटाच्या आत उत्तर आलं. 'डिअर विनया' म्हणून. बाईंना पहिला संताप त्या डिअरचा आला. साठ वर्षांच्या बाईला विनया म्हणणारा हा कोण? प्रत्येक उत्तराला नवा तिकीट नंबर, आणि प्रत्येकात तोच मजकूर. विक्रेत्यानं व्यवहार रद्द केला असेल तर शुल्क भरा. दुसऱ्या कुणी तुमच्या खात्याचा गैरवापर केला असेल तर त्या व्यक्तीविरुद्ध पोलिसात केलेल्या तक्रारीची प्रत जोडा. तिसरं काही होऊ शकतं, हे त्या कंपनीच्या गावीच नव्हतं.

बाईंनी ईमेल सोडून दिलं आणि यंत्राला कागद लावला. हिंदीतच, कारण तक्रार करायची त्यांची भाषा तीच होती. 'सूचित किया जाता है कि अधोहस्ताक्षरी ने उक्त वस्तु कभी बिक्री हेतु प्रस्तुत नहीं की. यह पत्र उसी टाइपराइटर पर टंकित है.' खाली स्वतःचं नाव, दोन्ही ळ ओळीच्या वर डोकावणारे. पत्र रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह. पोचपावती परत आली तिच्यावर गेटवरच्या सुरक्षारक्षकाचा शिक्का होता. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र, मग तिसरं, आणि दरवेळी तोच शिक्का.

स्वरूपाचा बंगलोरहून फोन आला. "आई, तेराशे रुपये आहेत. जाऊ दे ना यार. एवढं काय?"

"उद्या तुझ्या नावावर कुणी लिहिलं की तू बाबांची वस्तू बाजारात काढलीस, तर भरशील तू तेराशे?"

मग स्वरूपा म्हणाली, "नाही भरणार."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक नवं ईमेल आलं. पैसे मिळाले, धन्यवाद, शुल्क मान्य केल्याबद्दल आभार, प्रकरण बंद. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चपला घालून समोरच्या ब्लॉकमध्ये गेल्या. दार जयंतरावांच्या बायकोनं, वीणानं उघडलं. ती शाळेत गणित शिकवायची, खोटं बोलणं तिला जमत नसे.

"यांनीच भरले कार्डानं," ती म्हणाली. "वसुलीवाले तुमच्या दारात येतील म्हणून झोप नव्हती त्यांना."

विनयाबाई दिराला एरवी भावजी म्हणत. राग आला की भावजींचे जयंतराव होत.

"जयंतराव, तुम्ही माझ्या वतीनं दुसऱ्यांदा सही केलीत."

जयंतराव उठून उभे राहिले. "वहिनी, किती दिवस चालणार हे? मी पोलिसात माझं नाव द्यायला तयार होतो, ते तुम्ही देऊ देत नाही. पैसे भरू देत नाही. मग मी करायचं तरी काय?"

"उद्या सकाळी नऊ वाजता या. आणि एक मजबूत पिशवी आणा."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. पिशवीत पंधरा किलोंचा टाइपरायटर, एक बंद जयंतरावांच्या हातात, एक बाईंच्या. दिल्लीचा रिक्षावाला कापसहेडा बॉर्डरच्या पुढं जायला तयार नव्हता, आगे हरियाणा है म्हणाला. तेव्हा पिशवी उतरवून, ट्रकांच्या धुळीतून हद्द पायी ओलांडून पलीकडची रिक्षा करावी लागली. उद्योग विहारातल्या काचेच्या इमारतीत पोचेपर्यंत जयंतरावांच्या हाताला वळ उठले होते.

गेटवरच्या रक्षकानं पिशवीत डोकावून विचारलं, "इसमें क्या है?"

"सबूत," बाई म्हणाल्या.

सहाव्या मजल्यावर पांढऱ्याशुभ्र काउंटरवर त्यांनी यंत्र ठेवलं आणि तक्रार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला बोलवायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी गळ्यात पट्टा अडकवलेली एक तरुण मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिनं अतिशय गोड इंग्रजीत सांगितलं की शुल्क भरलेलं असल्यामुळं प्रकरण बंद झालेलं आहे.

"मेरे तीन पत्र आपके पास हैं. उनके डायरी नंबर दीजिए."

"मॅम, हमारे यहाँ सब मेल पर होता है. पेपर का कोई सिस्टिम नहीं है."

बाई दिराकडं वळून मराठीत पुटपुटल्या, "हिला वाचता तरी येतं का कोण जाणे."

"येतं वाचता, काकू," ती मुलगी म्हणाली. "मी पुण्याची आहे. अश्लेषा गद्रे."

जयंतरावांना केवढा आनंद झाला. पुण्यात कुठं, असं ते विचारणारच होते, पण वहिनींनी त्यांना नजरेनंच थांबवलं.

"काकू नका म्हणू. इथं मी अर्जदार आहे. बिल रद्द झालं पाहिजे आणि पैसे परत मिळाले पाहिजेत."

अश्लेषानं लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. लिलावातला फोटो तिनं मोठा केला. आडव्या टाइपरायटरच्या बुडाला चिठ्ठी स्पष्ट दिसत होती. "यावर निष्प्रयोज्य लिहिलंय. आमची लीगल टीम म्हणते, वस्तू नको आहे हे तुम्हीच लिहून ठेवलं होतं. तुमच्या घरातली चिठ्ठी आहे ना ही?"

जयंतरावांनी मान खाली घातली. बाईंनी चष्मा पुसला.

"अजून मोठा करा. खालची सही वाचा, आणि तारीख."

अश्लेषानं वाचलं. अवर सचिव, ऑगस्ट २००१.

"पाच वर्षांपूर्वी हे सरकारनं लिहिलं. तेव्हापासून ह्यानं एका शाळेच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला होता, माझा नाही." त्यांनी कागद लावला आणि तिथंच एक ओळ टाइप करून तिच्या हातात दिली. त्यात त्यांचं नाव होतं. "तुमच्याकडच्या तिन्ही पत्रांशी ताडून पाहा. माल विकायला काढणारी बाई त्याच मालावर तीन तक्रारी टाइप करत बसते का?"

मुलगी थोडा वेळ त्या वर चढलेल्या ळकडं पाहत राहिली. "मला पटतंय," ती हळूच म्हणाली. "पण स्क्रीनवर दोनच रकाने आहेत. एक तर तुम्ही विकलं, नाही तर यांनी चोरून विकलं. तिसरा ऑप्शनच नाही. दुसरा निवडला तर आत्ता पैसे परत करता येतील, फक्त पोलिसांचा कागद लागेल."

"लिहा दुसरा," जयंतराव म्हणाले. "मला चालेल." बँकेतला तो स्वेच्छेचा अर्ज त्यांनी ज्या आवाजात मागून घेतला असेल, तोच हा आवाज होता.

"नाही चालणार," विनयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, आणि आत काचेपलीकडं बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. "या माणसानं एकतीस वर्षं लोकांची रोकड मोजली, एका रुपयाचा फरक आला नाही. मग बँकेनं एक यादी केली, नाव घातलं आणि खुशीनं जातो म्हणून सही घेतली. तेव्हा शेजारी कुणी उभं राहिलं नाही. आज मी उभी आहे. माझा दीर चोर नाही. मी विक्रेती नाही. या दोन्हींतलं काहीही न लिहिता पैसे परत करायचे."

"काकू, खरंच माझ्या हातात नाहीये हे."

"ज्याच्या हातात आहे त्याला विचारून या. मी बसते. वार्षिक परीक्षेचा पेपर अर्धा राहिलाय."

आणि त्या खरोखरच बसल्या. काउंटरजवळची उंच खुर्ची ओढली, पर्समधून शाळेचं हस्तलिखित काढलं आणि सातवीचा वार्षिक पेपर टाइप करायला लागल्या. त्या गालिचा घातलेल्या, कुजबुजत बोलायच्या कार्यालयात कळांचा खडखडाट पार टोकाच्या खोलीपर्यंत पोचत होता. ओळ संपली की घंटी वाजे आणि दोघंतिघं खिशातले मोबाइल चाचपून बघत. रिसेप्शनवरच्या मुलानं दोनदा विनंती केली, मॅडम जरा धीरे. बाई म्हणाल्या, इसमें धीरे का बटन नहीं है. जयंतराव शेजारी उभे राहून कागद धरत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

व्याकरणाचा विभाग संपत आला तेव्हा अश्लेषा परत आली. तिच्या हातात विनयाबाईंची तिन्ही पत्रं होती.

"ही माझ्याच ड्रॉवरमध्ये होती," ती म्हणाली. "मी वाचली होती तिन्ही. उत्तर कसं द्यायचं हे कळेना, म्हणून ठेवून दिली. चुकलं माझं." मग खुर्ची ओढून ती बाईंच्या समोर बसली. "दोघांची निवेदनं द्या. रकान्यात बसत नाही असं मी स्वतः लिहून वर पाठवते. सर हो म्हणालेत. हा आवाज थांबवा, असंही म्हणालेत."

निवेदन पाच ओळींचं झालं. घरातल्या गैरसमजुतीमुळं वस्तू लिलावात गेली, मालकाची परवानगी विचारली नव्हती, फसवणुकीचा हेतू नव्हता. जयंतरावांनी सही केली. बँकेतली त्यांची ती जुनी, पूर्ण नावाची सही.

"आता आवक क्रमांक द्या," बाई म्हणाल्या.

"रजिस्टरच नाहीये आमच्याकडं."

"मग आजपासून ठेवा."

अश्लेषानं कपाटातून एक कोरी वही आणली, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि तारखेसमोर एक आकडा घातला. आवक क्रमांक एक, देवस्थळी. तो निवेदनावर चढवून तिनं पोच दिली. निघताना बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता काकू म्हणालीस तरी चालेल," त्या म्हणाल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला लिफाफा आला. पैसे जयंतरावांच्या कार्डावर परत जमा झाल्याची नोंद, आणि कंपनीच्या कागदावर दोन वाक्यांचं पत्र. ही वस्तू श्रीमती विनया बळवंत देवस्थळी यांनी विक्रीसाठी ठेवलेली नव्हती. या प्रकरणी कोणत्याही व्यक्तीवर गैरवर्तनाचा ठपका नाही. पत्र इंग्रजीत होतं, पण वरचं नाव कुणीतरी पेनानं देवनागरीत लिहिलं होतं, दोन्ही ळ नीट काढून.

जयंतरावांनी ते उभ्यानं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"वहिनी, बँकेनं मला निरोपाला घड्याळ दिलं होतं," ते म्हणाले. "असं कागदावर काही लिहून दिलं नव्हतं."

"झेरॉक्स काढून घ्या. मूळ प्रत मात्र फाइलला लागेल, भावजी."

ते डोळे पुसत हसले. बाई स्वयंपाकघरात जाऊन ओलं फडकं आणि कणीक खरवडायचं जुनं उलथनं घेऊन आल्या. टाइपरायटर टेबलावर आडवा केला. सरकारी डिंक होता, पाच वर्षांत दगड झाला होता. निष्प्रयोज्यमधला पहिला नि तेवढा सुटला.

"वहिनी, अहो, त्यावर अवर सचिवांची सही आहे," जयंतराव चेष्टेनं म्हणाले. "कुणाच्या अधिकारात काढताय?"

"माझ्या," विनयाबाई म्हणाल्या आणि ओलं फडकं पुन्हा चिठ्ठीवर दाबून धरलं.